मदत हवी आहे : ४० खाटांच्या नर्सिंग होममधील परिचारिकांचे वेतन
सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१६ च्या निर्देशानुसार केंद्राने नेमलेल्या समितीने, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांना दरमहा किमान २०,००० रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. आमच्या ४० खाटांच्या नर्सिंग होममध्ये नोंदणीकृत जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी ही पदविका घेतलेल्या) परिचारिकांना आजही १५,००० रुपयेच मिळतात आणि रात्रपाळीत एकीवर दोन मजले असतात, हे रुग्णांच्याही जिवावर बेतणारे आहे. युनियनने दोनदा लेखी मागणीपत्र दिले; शिफारस बंधनकारक नाही, एवढेच उत्तर आले. हजेरीपट व वेतनचिठ्ठ्या आमच्याकडे आहेत. रुग्णांना सोडून संपावर जाणे आम्हा कोणालाच मान्य नाही. सहायक कामगार आयुक्तांपुढील वाटाघाटींतून एवढ्या लहान नर्सिंग होममध्ये कोणी वेतनाचा लेखी करार मिळवला आहे का, आणि त्या वेळी शिफारशीखेरीज कोणता आधार मांडला होता?