प्रेमाचे दिवस, देशोदेशींचे: तुमचे अनुभव लिहा

केवडा
पुस्तकांवरची धूळ झटकताना एकातून वाळलेला गुलाब पडला, सोबत गव्हाची ओंबी. एकदम बार्सिलोनातला 23 एप्रिल आठवला. सान्त जॉर्दी, तिथला प्रेमाचा दिवस. सुट्टी नसते, तरी सगळं शहर रस्त्यावर! पूर्वी पुरुषाने बाईला गुलाब द्यायचा, बाईने पुरुषाला पुस्तक. आता कोणी काय द्यायचं असं काही राहिलं नाही. आमची ओळख जेमतेम दोन महिन्यांची. त्याने दोन्ही दिलं, आणि मला तिथल्या कातालान भाषेचं अक्षरही येत नव्हतं. "शीक मग," म्हणाला. शिकले.
तुम्ही पाहिलेत असे दिवस?

गारवा
जपान. 14 फेब्रुवारीला बायकांनीच चॉकलेट द्यायचं. ऑफिसात सगळ्यांना 'गिरी', म्हणजे रीत म्हणून. मनातल्या माणसाला 'होनमेई'. मी एकाला स्वतः बनवून दिलं. परतफेड 14 मार्चला, व्हाइट डेला. तो महिना कसा काढला माझं मला माहीत.

पाखरू
ब्राझीलमध्ये 12 जून, संत अँथनीच्या सणाची आदली संध्याकाळ. हा लग्नं जुळवणारा संत. बाळ उठलं, नंतर लिहिते.

ध्रुव
चीनमध्ये सातव्या चांद्रमासाची सप्तमी, छिशी. विणकरीण आणि गुराखी, मध्ये आकाशगंगा. वर्षातून एकदा पक्षी पंखांचा पूल करतात तेव्हा भेट. हे दोघं म्हणजे आपले अभिजित आणि श्रवण! अभिजित 25 प्रकाशवर्षं दूर, श्रवण 17. बायको दुसऱ्या देशात नोकरीला होती तेव्हा आम्ही फोनवर बोलत हेच दोन तारे बघायचो.

सायली
@गारवा पुढे काय झालं???

मेघ
ध्रुव, अभिजित ओळखायचा कसा? मुलगी मागे लागलीये. दुर्बीण घेऊ का?

निशिगंध
फिनलंडमध्ये 14 फेब्रुवारी हा मित्रदिन, प्रेमी असायलाच हवं असं नाही. हे गेले त्यानंतरच्या वर्षी मी दार लावून बसणार होते. शेजारच्या आजींनी कार्ड सरकवलं, नुसतं माझं नाव आणि एक फूल काढलेलं. अजून जपून ठेवलंय.

केवडा
निशिगंधताई, डोळे भरून आले.

गारवा
@सायली रुमाल मिळाला. सुंदर होता. सगळ्यांना तोच होता.

सायली
अगं 🫂

पाखरू
आले. तर लग्न जुळेपर्यंत तिकडे मुली अँथनीची मूर्ती उलटी टांगतात. माझ्या रूममेटने टांगली होती, मी गुपचूप रोज सुलटी करायचे, बिचाऱ्याची दया यायची. तिला अजून सांगितलेलं नाही.

ध्रुव
@मेघ दुर्बीण नको आत्ताच. श्रावणाच्या आसपास, निरभ्र रात्री, साधारण नऊला डोक्यावर बघा. सगळ्यात तेजस्वी निळसर-पांढरा तो अभिजित. तिथून दक्षिणेकडे श्रवण, दोन्ही बाजूंना एकेक मंद तारा. आधी साध्या डोळ्यांनी सापडू दे तिला.