मासेमारीच्या जुन्या स्टार ड्रॅग रिळांना दुसरा डॉग बसवावा का?

ब्रिजप्लेट:
पेन (Penn) कंपनीच्या जुन्या सिनेटर, जिगमास्टर प्रकारच्या रिळांत हँडल उलटं फिरू न देण्याचं सगळं काम एकटा डॉग, म्हणजे रॅचेटच्या दातेरी चाकात अडकणारा खटका, करतो. मूळच्या ड्रॅगला, म्हणजे मासा ओढताना दोरी रोखून सोडणाऱ्या ब्रेकला (तो हँडलजवळच्या चांदणीसारख्या चाकाने घट्ट होतो), ते पुरत होतं. आता त्याच रिळात कार्बनचे वॉशर घालून ड्रॅग भरपूर चढवला जातो, डॉग मात्र जुनाच राहतो.

हिशोब करून बघा. ड्रॅग ९ किलो आणि स्पूलवर (दोरी गुंडाळायच्या चक्रीवर) दोरीची त्रिज्या २५ मिमी धरली, तर स्पूलवर २२५ किलो-मिमी पीळ येतो. गिअर ४:१ असेल तर हँडलच्या मेन गिअरवर तो ९०० होतो. रॅचेटची त्रिज्या ९ मिमी असेल तर डॉगच्या टोकावर १०० किलो! हा भार एका छोट्या खुंटीवर. ती सुटली की हँडल उलटं गरगरतं आणि बोटं फुटतात.

माझं मत स्पष्ट आहे. कार्बन वॉशर टाकणार असाल तर बरोबर समोर, १८० अंशांवर, दुसरा डॉग बसवाच. एकटा डॉग स्लीव्हला (मेन गिअर आणि रॅचेट ज्यावर बसतात त्या पोकळ दांड्याला) ब्रिजच्या, म्हणजे आतल्या आधाराच्या प्लेटच्या, खांबावर आडवा रेटतो आणि कालांतराने खांब प्लेटमध्ये हलायला लागतो. समोरासमोरच्या दोन डॉगांत हा आडवा रेटा एकमेकांना काटतो.

कानस:
कागदावर बरोबर, रिळात नाही. दोन्ही डॉग एकाच क्षणी दात्यावर टेकले तरच भार वाटला जातो. ड्रिल ०.२ मिमी जरी सरकलं तरी एक डॉग सगळं ओझं घेणार आणि दुसरा नुसता टकटक करणार. वर ब्रिजची प्लेट २ मिमी असेल आणि तिच्यात एम३ चे (३ मिमी स्क्रूचे) आटे पाडले, तर आटे येतात जेमतेम ४. खुंटी एकाच बाजूने धरलेली, त्यामुळे भाराखाली ती कलते आणि पितळेतले आटे ओरबाडले जातात. चांगला ब्रिज हकनाक वाया.

डॉग निसटतो तो बहुतेक वेळा भारामुळे नाही, ग्रीसमुळे. मेन गिअरखाली घट्ट ग्रीस थापलं की डॉग त्यात रुततो आणि स्प्रिंगला तो वेळेत खाली आणता येत नाही. आधी हे करा:

डॉग काढून खुंटी आणि भोक केरोसीनने स्वच्छ धुवा. खुंटीवर पातळ तेलाचा एकच थेंब. ग्रीस गिअरच्या दात्यांना, आणि ब्रिजवर गंज अडवण्यापुरता पातळ हात. स्प्रिंग मऊ पडली असेल तर नवी घाला, जुनी ताणून बसवू नका, ती पुन्हा बसते. मग भिंगाखाली डॉगचं टोक बघा. कड गोल झाली असेल तर डॉग बदला. कानशीने धार काढली की डॉग आखूड होतो, दात्याच्या मुळाशी पोचत नाही, टोकावरच टेकतो आणि भार आला की बाहेर उडतो.

खारा_वारा:
दोघांनीही मागच्या खेळाचा, म्हणजे अडण्याआधी हँडल किती मागे सरकतं त्याचा, मुद्दा सोडला. रॅचेटला ८ दाते असतील तर हँडल ४५ अंश मागे येऊन मगच अडतं. जिगिंग करताना (आमिष झटक्याझटक्याने वर ओढताना) हा झटका नकोसा होतो. दुसरा डॉग अर्धा दाता पुढे-मागे ठेवा, म्हणजे १८० ऐवजी १५७.५ अंशांवर. खेळ निम्म्यावर, २२.५ अंशांवर येतो. किंवा सरळ एकदिशा रोलर बेअरिंग टाका, खेळ जवळजवळ संपतोच.

ब्रिजप्लेट:
अर्धा दाता सरकवला की एका वेळी एकच डॉग लागणार, म्हणजे ते १०० किलो पुन्हा एकट्यावर. खेळ कमी हवा की ताकद, हे आधी ठरवा. ८ दात्यांत दोन डॉगांकडून दोन्ही मिळत नाही.

कानस:
रोलर बेअरिंगबद्दल तर सरळ नाही म्हणेन. त्याचे रोलर ज्या दांड्यावर चावतात तो पाणी देऊन, कडकपणाच्या रॉकवेल सी मापावर ५८ च्या आसपास, कडक केलेला लागतो. पितळी किंवा साध्या स्टेनलेस स्लीव्हवर रोलर खड्डे पाडतात आणि मग घसरतात. बाहेरचं कवच दाबून बसवायला ताठ घर हवं. बेकलाइटच्या साइड प्लेटमध्ये ते ठोकलं तर प्लेट तडकते. नव्या रिळांतही रोलरच्या जोडीला डॉग ठेवलेला असतो, तो उगाच नाही.

खारा_वारा:
धातूच्या साइड प्लेटमध्ये वेगळं घर खरादून, कडक स्लीव्हसह हे जमतं. मात्र आत फक्त पातळ तेल, ग्रीस नाही, हे मान्य.

ब्रिजप्लेट:
कानस यांचा आट्यांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून आटे पाडूच नका. खांदा असलेली स्टेनलेस खुंटी खरादून घ्या, भोक मागून काउंटरसिंक करा आणि खुंटी रिव्हेटसारखी ठोकून मागची बाजू सपाट करा. डॉगची जाडी रॅचेटपेक्षा जास्त नको, नाहीतर मेन गिअर त्याला घासतो. भोक पाडण्याआधी जॅक (स्पूल मोकळा सोडणारा भाग) आणि त्याच्या स्प्रिंगांना जागा उरते ना, तेही तपासा.

एकाच वेळी टेकण्याचं म्हणाल, तर दुसरा डॉग मुद्दाम किंचित लांब ठेवायचा. टोकाला निळी शाई लावून स्लीव्ह उलट्या दिशेने रेटायची, शाई पुसली जाते तिथे ऑइलस्टोनने थोडंथोडं घासायचं. दोन्ही टोकांवर सारखा डाग उमटला की थांबा. इथे डॉग आखूड होत नाही, जादा ठेवलेलंच निघतं. मग ताणकाटा लावून ड्रॅग २ किलोच्या टप्प्यांनी चढवा आणि दर टप्प्याला उघडून दोन्ही खुंट्या बघा.

कानस:
ताणकाट्यावर ६ किलोच्या वर जायचंच नसेल त्याने यातलं काही करू नये. नवा डॉग, नवी स्प्रिंग आणि स्वच्छ खुंटी पुरते.