मदत हवी आहे : दादाच्या पायासाठी कमरेतलं इंजेक्शन

नमस्कार मंडळी. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, घरी कापसाची शेती. मोठा भाऊ, वय ४१, शुगर नाही. पण बिडी अन् खर्रा वीस वर्षं. डॉक्टरांनी बर्जर आजार सांगितला, म्हणजे तंबाखूनं हातापायाच्या रक्तवाहिन्या सुजून तुंबतात तो. उजवा अंगठा काळा पडला, जखम भरत नाही. रात्रभर बाजेवरून पाय खाली सोडून बसतो बिचारा, तेवढंच बरं वाटते म्हणे.

आता कमरेच्या मणक्यापुढच्या सिम्पथेटिक नसा (मज्जातंतू) इंजेक्शननं बंद करायच्या म्हणतात. या नसा रक्तवाहिन्या आवळून ठेवतात. त्या बंद झाल्या की कातडीतल्या बारीक वाहिन्या सैल होतात, पाय गरम होतो. आधी बधिरतेचं औषध देऊन पाहतील, फरक दिसला तर फिनॉल, म्हणजे त्या नसा जास्त काळ बंद ठेवणारं औषध. तुंबलेली मोठी रक्तवाहिनी मात्र यानं उघडत नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

कोणाच्या घरी हे केलंय का? रात्रीचं दुखणं किती महिने थांबलं? जखम भरली का? सेवाग्राम की नागपूर मेडिकल, अन् फुले योजनेत बसते का? वेचणी सुरू आहे, मुक्काम किती दिवस तेही सांगा.

(खर्रा सोडलाय म्हणतो. खिसे मी रोज तपासतो.)