आईच्या घरची झाडं तुकड्यांवरून जगवायचीयेत, मनी प्लांटची पानं तीन महिने नुसतीच हिरवी, काय चुकतंय?

सदाफुली, सातारा
9 जुलै

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितेय पण कुणीतरी नीट सांगा प्लीज. सांगलीला गावभागात माझं माहेर, जुनं घर, आई गेल्यापासून बंदच आहे आणि आता भावाने ते पाडून नवीन बांधायचं ठरवलंय, दसरा झाला की काम सुरू. आईची झाडं वरच्या गॅलरीत आहेत, 2019 च्या पुरात खालचा मजला पाण्यात गेला तेव्हा पण ती वाचली होती. अजून शेजारच्या काकू दोन दिवसाआड वर जाऊन पाणी घालतात. त्यातली चार झाडं मला साताऱ्याला माझ्या फ्लॅटवर आणायचीयेत. मनी प्लांट, जो गॅलरीच्या गजांवरून पार जिन्यापर्यंत गेलाय, पिवळ्या काठाचा स्नेक प्लांट, डबल पाकळ्यांची गुलाबी जास्वंद आणि ब्रह्मकमळ. अख्ख्या कुंड्या आणता येत नाहीत, सिमेंटच्या आहेत, एकेक उचलायला दोन माणसं लागतात आणि मी येते-जाते एसटीने.

म्हणून एप्रिलमधे गेले तेव्हा पिशवी भरून तुकडे आणले. त्याचं काय झालं ते सांगते.

मनी प्लांटची चांगली मोठी मोठी आठ पानं देठासकट खुडून आणली, काचेच्या बाटलीत पाणी भरून खिडकीत ठेवली. आज तीन महिने होतील. एक पण पिवळं पडलं नाही, दोघांना देठाच्या खाली पांढरी मुळं पण आलीत, पण नवीन पान म्हणाल तर एकसुद्धा नाही. जास्वंदीच्या दहा काड्या भावाने दिलेल्या नदीकाठच्या काळ्या मातीत खोचल्या, रोज न चुकता पाणी घातलं, आणि दहाच्या दहा काळ्या पडल्या. उपटून बघितल्या तर खालचं टोक मऊ, साल हातात सुटून येत होती आणि कुबट वास. स्नेक प्लांटचं एक पान कापून पाच तुकडे केले होते पण घरी येईपर्यंत वरची बाजू कुठली खालची कुठली हेच कळेना, अंदाजाने लावले, दोन कुजले आणि तीन तसेच उभे आहेत. ब्रह्मकमळाला तर भीतीपोटी हातच लावला नाही.

आता राखीपौर्णिमेला परत जाणारे. त्यानंतर दसऱ्याच्या आत जाणं होईल असं वाटत नाही. तेव्हा एकदाच काय आणि कसं आणायचं ते सांगा, हात जोडून विनंती.


गच्चीवरची बाग, सातारा
9 जुलै

सदाफुली, आधी मनी प्लांटचं सांगते कारण ते सगळ्यात सोपं आहे. तुझी ती पानं वर्षभरसुद्धा अशीच हिरवीगार राहतील पण त्यातून वेल कधीच निघणार नाही. नवीन फूट येते ती पेरातून, म्हणजे पान जिथे वेलाला चिकटतं ना त्या सांध्यातून. डोळा तिथे असतो. नुसत्या देठाला डोळा नाही, मग मुळं आली तरी फुटणार कुठून?

आता गेलीस की वेल हातात धरून पेर चाचपून बघ. प्रत्येक पानाच्या समोरच्या बाजूला बारीक तपकिरी टोकरं असतं, बोटाला खरखरीत लागतं, जुन्या वेलाला तर ते चांगलं बोटभर लांब असतं. ते हवेतलं मूळ. त्याच्या खाली अर्धा-पाऊण इंच ठेवून काप, वरच्या बाजूला पण तेवढंच ठेव. एक पेर, एक पान, एवढा तुकडा पुरे. जिन्यापर्यंत गेलेल्या वेलाचे तुला वीस-पंचवीस तुकडे सहज मिळतील. पाण्यात ते टोकरं बुडलं पाहिजे, पान बुडता कामा नये, बुडालं की सडतं आणि सगळी बाटली खराब करतं. पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात मुळं दिसतील. दोन-तीन इंच झाली की मातीत लाव, त्याहून जास्त वाढू देऊ नकोस कारण पाण्यातली मुळं नाजूक असतात, मातीत गेल्यावर चार दिवस झाड रुसतं. पहिला आठवडा माती कोरडी पडू द्यायची नाही.

आणि एक, हे मी प्रत्येकाला सांगते. पावसाळ्यात या बाटल्यांमधे डेंग्यूचे डास अंडी घालतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, पाणी नुसतं बदलायचं नाही तर बाटली आतून ब्रशने घासायची, अंडी काचेला चिकटलेली असतात. तोंडाला कापसाचा बोळा लावला तर अजून चांगलं. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवून मग वापर. कापताना चीक लागला तर काहींना हाताला खाज येते, लगेच धुऊन टाक.


द्राक्षवाला, तासगाव
10 जुलै

ताई तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्याकडं लहान पोराला पण म्हाईत असतंय की उसाची कांडी कितीबी जाड आणि रसरशीत असू दे, डोळा फुटका असला तर उगवायची नाही. मनी प्लांटचं तसंच आहे. आता तर नर्सरीत एक डोळ्याचीच उसाची रोपं करत्यात, ट्रेमधे कोकोपीट म्हंजे नारळाच्या काथ्याचा भुसा भरून.

तुमची जास्वंद पाण्यानं मेली. काडीला मुळंच नाहीत तर ती रोज घातलेलं पाणी पिणार कशानं? वरनं आपली काळी माती, भिजली की लोण्यासारखी चिकट, आत हवा राहत नाही. कापलेल्या टोकाला हवा लागती, तिथं आधी खपली धरल्यासारखी गाठ येती आणि मग मुळं सुटत्यात. हवा नाही म्हटल्यावर बुरशी धरणारच, तो कुबट वास त्याचाच. काळी माती मोठ्या झाडाला सोन्यासारखी पण काडीला नको. निम्मं कोकोपीट आणि निम्मी जाड वाळू घ्या, वाळू नाही मिळाली तर भाताचं तूस चालतंय. मुठीत घेऊन दाबायचं, दोन-चार थेंब पडले तर बरोबर, धार लागली तर जास्त.

काडी कशी घ्यायची, तर कवळा हिरवा शेंडा नको आणि पार जून लाकूड पण नको, पेन्सिलीएवढी जाड, जिची साल हिरव्याची तपकिरी व्हायला लागलीय अशी. सहा इंच. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ, म्हणजे उलटसुलट व्हायची भानगड नाही. फुलं कळ्या सगळ्या काढून टाका, जीव वाटला तरी. वरची दोन पानं ठेवायची, ती पण निम्मी कापून. मग दोन डोळे आत जातील एवढी खोचायची आणि वरनं तळ कापलेली पाण्याची बाटली पालथी घालायची, झाकण दिवसातनं एकदा उघडायचं. उजेड पाहिजे, ऊन नको.

आठ-दहा दिवसांत डोळा फुगून पाला दिसेल. तेव्हा हुरळून जाऊ नका. काडीत जे साठवलेलं असतंय त्याच्यावर पाला फुटतोय, खाली मूळ आलंय असं नाही. आम्ही डॉग्रीजच्या, म्हंजे ज्याच्यावर द्राक्षाचं कलम करतो त्या खुंटाच्या काड्या लावतो तेव्हा नवीन माणूस हमखास इथंच फसतो, पाला बघून काडी हलवतो आणि चार दिवसांत माना टाकत्यात. सहा ते आठ आठवडे हात लावायचा नाही. उपटून बघायचं नाही म्हंजे नाही.


मिरजेहून
10 जुलै

मी तर जास्वंदीला कोरफडीचा गर आणि दालचिनीची पूड लावते, माझ्या सगळ्या येतात. पाण्यातसुद्धा येते जास्वंद, पाणी रोज बदलायचं फक्त. रूटिंग हार्मोन वगैरे केमिकल कशाला घरातल्या झाडाला.


द्राक्षवाला, तासगाव
10 जुलै

मिरजेच्या काकू, तुमच्या येत असतील तर तुमचा हात चांगलाच आहे, पण दालचिनी बुरशी अडवती, मुळं आणत नाही. मुळं आणणारं औषध आयबीए, दुकानात पावडर मिळती. झाड मुळं फोडायला स्वतःच जे ऑक्सिन तयार करतंय त्याच्याच जातीतलं आहे ते. काडीचं टोक ओलं करून जरासं लावायचं आणि झटकायचं, डबीत काडी बुडवायची नाही, थोडी पावडर झाकणात काढून घ्यायची. जास्त लावली तर उलट काडी जळती. मनी प्लांटला काहीच लागत नाही. जास्वंदीला मी तरी लावीनच, कारण ताईंना दुसरी संधी नाही.

मनी प्लांटवरनं एक आठवलं. आपण द्राक्षघडाला जीए देतो का नाही, ते जिबरेलिन, झाडाच्या वाढीचं संप्रेरक. मनी प्लांटमधे तेच नीट तयार होत नाही म्हणून त्याला फूल येत नाही, आणि फूल नाही म्हणजे बी नाही. त्यामुळं आपापल्या घरात जो मनी प्लांट आहे तो कुणाच्या तरी घरच्या तुकड्याचा तुकडा आहे, रोप वेगळं नाहीच. तुमच्या आईंनी पण कुणाकडनं तरी आणला असणार. तुम्ही नेला तर तो तोच वेल असेल ताई, त्याच्यासारखा दिसणारा दुसरा कुठला नव्हे.


कुंडीवाली, कराड
11 जुलै

थांबा थांबा, स्नेक प्लांटचं कुणीच बोललं नाही आणि सगळ्यात मोठी गडबड तिथेच होणारे!! सदाफुली, तुझे जे तीन तुकडे उभे आहेत त्यांना पिल्लं आली तर ती साधी हिरवी येतील, पिवळा काठ येणार नाही. मी दोन वर्षं वाट बघून हे शिकलेय. त्या काठाच्या पेशी वेगळ्या असतात, पानाच्या कडेने थर असतो त्यांचा, आणि पानाच्या तुकड्यातून नवीन कोंब फुटतो तो आतल्या हिरव्या पेशींतून. म्हणून आईचा पिवळ्या काठाचाच हवा असेल तर पान नको, गड्डा आण. कुंडीच्या कडेची माती खुरप्याने मोकळी कर, खाली आल्यासारखा जाडसर आडवा कंद लागेल, एक-दोन पानं आणि थोडी मुळं येतील असा तुकडा धारदार सुरीने काप. माती झाडून वर्तमानपत्रात गुंडाळलास तर एसटीत हातातल्या पिशवीत बसेल. घरी आल्यावर सावलीत दोन दिवस काप सुकू दे, मग लाव, आणि पहिले सात-आठ दिवस पाणी नको.

ब्रह्मकमळाला घाबरू नकोस, ते तर सगळ्यात सोशिक. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाहीच, चपटं झालेलं खोड आहे, निवडुंगाच्याच घराण्यातलं झाड ते. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळं, आपल्या गॅलरीत रात्री फुलतं ते मूळचं मेक्सिकोकडचं. सहा-सात इंचाचा जाड, जुना तुकडा घे, आणल्यावर पाच दिवस तसाच कागदावर ठेव, काप कोरडा पापुद्र्यासारखा झाला पाहिजे. मग इंचभर खोच. दिशा मात्र पाळ, वरचं टोक वर, कापतानाच मार्करने बाण काढून ठेव त्याच्यावर. स्नेक प्लांटच्या तुकड्यांना पण हेच लागू, उलटं लावलेलं मुळं धरत नाही, तुझे दोन कदाचित त्यानेच गेले असतील.


सदाफुली, सातारा
14 ऑगस्ट

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. जाऊन आले. कुंडीवाली ताई, तुमचं ऐकून खुरपं नेलं होतं. माती खणायला गेले तर वरचा थर दगडासारखा, खाली मात्र काळा भुसभुशीत, त्यात चहापत्तीचा चोथा अजून ओळखू येत होता, आई रोज सकाळी गाळणं तिथेच उपडं करायची. कंद पिवळसर आणि बोटाएवढा जाड, दोन पानांचा तुकडा निघाला. बाण काढलाय ब्रह्मकमळावर. मनी प्लांटचे बावीस तुकडे, सगळे टोकरं बघून, ओल्या पंचात गुंडाळून आणले. जास्वंदीच्या दहा काड्या, कोकोपीट-तुसात, चार पावडर न लावता आणि सहा लावून, बघू काय होतं.

साताऱ्यात सध्या पाऊस थांबतच नाही, भिंतीसुद्धा ओल्या. बाटली पालथी घालायची का तरीही?


गच्चीवरची बाग, सातारा
14 ऑगस्ट

एवढ्या दमट हवेत नको घालूस, उलट बुरशी धरेल. पाऊस उघडून ऊन पडायला लागलं की घाल. पाणीही चार-पाच दिवस घालू नकोस, बोट खुपसून बघ आधी.


सदाफुली, सातारा
5 ऑक्टोबर

कळवायचं राहून जाऊ नये म्हणून आजच लिहितेय. मनी प्लांटच्या बावीसमधले एकोणीस आले, पहिलं नवीन पान गणपतीत उघडलं, हिरव्या सुरळीसारखं गुंडाळलेलं होतं ते सकाळी अर्धं उलगडलेलं दिसलं. चार भावाला दिले, नवीन घर होईपर्यंत तो भाड्याच्या घरात राहणार आहे, म्हणाला निदान खिडकीत लावतो. दोन काकूंना दिले. त्यांच्याकडे आपल्याच गॅलरीतून गेलेला एक आधीच आहे म्हणाल्या, तरी ठेवून घेतले.

जास्वंदीच्या पावडर लावलेल्या सहापैकी पाच आणि न लावलेल्या चारपैकी एक धरलीये. आठ आठवडे हात लावला नाही द्राक्षवाले दादा, शप्पथ. काल हळूच बोटाने हलवून बघितल्या तर सहाही घट्ट. स्नेक प्लांटच्या गड्ड्याशेजारी एक टोक वर आलंय आणि त्याला काठ पिवळाच दिसतोय. ब्रह्मकमळाच्या बाजूला लालसर कोंब आहे.

घर पाडायला मंगळवारपासून सुरुवात होणार आहे. मोठ्या कुंड्यांतली जास्वंद एका शेजाऱ्यांनी टेम्पोतून नेली, त्यामुळे ती पण वाचली.

आता प्रश्न एवढाच, साताऱ्याच्या थंडीत यांना कसं सांभाळायचं? जास्वंद आता मोठ्या कुंडीत हलवू का?


द्राक्षवाला, तासगाव
5 ऑक्टोबर

लई भारी ताई. जास्वंद आत्ता हलवायची असेल तर या आठवड्यातच हलवा, मोठ्या कुंडीत नको, सहा इंची पिशवीत. एकदा थंडी पडली की मग फेब्रुवारीपर्यंत हात लावू नका. आणि जी एक पावडरीशिवाय आली तिला खूण करून ठेवा.


कुंडीवाली, कराड
6 ऑक्टोबर

स्नेक प्लांट आणि ब्रह्मकमळाला थंडीत पंधरा दिवसांनी पाणी, तेही माती खालपर्यंत कोरडी असेल तरच. मनी प्लांट खिडकीच्या काचेपासून हातभर आत घे, रात्री काच गार पडते. ब्रह्मकमळाला फुलाची घाई करू नकोस, दोन-तीन पावसाळे तरी जाऊ देत.