नग माझा, साचा त्यांचा! डिझाइनची नोंदणी आता होईल का?

मंडळी, जाणकारांनी जरा बघा.

मी चांदीत काम करते. नेच्याच्या कोवळ्या, टोकाशी गुंडाळलेल्या कोंबासारखं कानातलं केलं होतं, दांडीचा जोड त्या गुंडाळीमागे लपवून. पहिल्या नगाच्या मागच्या बाजूला कानशीचा एक ओरखडा राहिला आणि तो साच्यातही उतरला. परवा एका विक्रेत्याकडे हुबेहूब तेच दिसलं, म्हणून मागवलं. उलटं करून बघते तर तोच ओरखडा! शिवाय मापाला केसभर लहान. म्हणजे बघून केलेलं नाही, माझ्याच नगावरून साचा काढलाय; पुन्हा ओतताना धातू आकसतो, तसं आकसलंय.

घोळ माझाही आहे. नोंदणी केली नाही आणि फोटो आठ महिन्यांपूर्वीच टाकून बसले. उशीर झाला का? आणि समोरचा म्हणतो, 'नेचा काय तुमच्या मालकीचा?' त्याला काय सांगू?

प्रतिसाद १
उशीर झाला की नाही ते देशावर आहे. अमेरिकेत आणि युरोपीय संघात स्वतः प्रसिद्ध केल्यापासून १२ महिन्यांत अर्ज चालतो, तेव्हा तिथे चार महिने हातात आहेत. भारतात २००० च्या डिझाइन कायद्यात अशी सरसकट सवलत नाही. फोटो झळकला की नावीन्य गेलं, आणि नावीन्याशिवाय नोंदणी नाही.

नेचा कुणाचाच नाही, खरंय. पण तुम्ही दिलेलं वळण, जाडी, मांडणी तुमचीच. मात्र जोड लपवायच्या युक्तीवर भिस्त ठेवू नका. डिझाइनमध्ये रूप राखलं जातं, करामत नाही.

प्रतिसाद २
भारतात प्रताधिकाराची (कॉपीराइटची) वाटही तपासा. तो आपोआप मिळतो, नोंदणी लागत नाही, पण प्रताधिकार कायद्याच्या कलम १५ मध्ये मेख आहे: नोंदता येण्याजोगं डिझाइन न नोंदता औद्योगिक पद्धतीनं ५० पेक्षा जास्त वेळा काढलं, की प्रताधिकार संपतो. त्यात तुम्ही काढलेले किंवा तुमच्या परवानगीनं काढलेले नगच धरतात, चोराचे नाहीत. तुम्ही किती ओतलेत? आणि ते मागवलेलं कानातलं बिलासकट, पाकिटासकट जपून ठेवा. घासूनपुसून चकचकीत करू नका, तो ओरखडा म्हणजे तुमचा साक्षीदार आहे.

धागाकर्ती
वही काढून मोजले. जोड्या २३, म्हणजे नग ४६. आता यात जोडी एक धरायची की दोन? वकिलांना हेच पहिलं विचारते. तोवर ओतकाम बंद.