नऊ आठवड्यांच्या पिल्लाची इतर कुत्र्यांशी ओळख केव्हा आणि कशी करून द्यावी?

गच्चीतली_जाई (पुणे)

नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी भोरजवळच्या एका नातेवाइकांच्या गोठ्यातून आम्ही एक गावठी पिल्लू घरी आणले. तिचे नाव मिरी. तिची आई गाडीखाली गेली आणि भावंडे वेगवेगळ्या घरी दिली गेली, त्यामुळे सहाव्या आठवड्यापासून ती केवळ माणसांतच वाढते आहे. आता ती नऊ आठवड्यांची आहे. जंतांचे औषध दोनदा देऊन झाले आहे आणि सेव्हन-इन-वन (सात घटकांच्या एकत्रित) लशीचा पहिला डोस देऊन दहा दिवस झाले आहेत.

सर्व डोस पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आणखी जवळजवळ दोन महिने, तिला खाली नेऊच नका, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले आहे. शेजारच्या काकांचे मत नेमके उलट आहे: सोसायटीच्या गेटवर जी चार कुत्री असतात त्यांच्यात तिला आत्ताच सोडा, तीच तिला वळण लावतील. काल तिला कडेवर घेऊन जिन्यात उभी होते, तर खालच्या मजल्यावरचा बीगल जातीचा कुत्रा नुसता दिसताच ती थरथर कापू लागली आणि माझ्या काखेत तोंड लपवून बसली. तेव्हापासून मला चैन नाही. भटकी कुत्री जागोजागी असलेल्या शहरात ज्यांनी पिल्लू वाढवले आहे, त्यांनी या दोन सल्ल्यांमधून वाट कशी काढली, हे कृपया सांगावे.

चीक_आणि_लस

मी पशुवैद्यक आहे. तुमच्या डॉक्टरांची भीती खरी आहे, मात्र दोन महिने घरात कोंडून ठेवा, असे मी म्हणणार नाही. कारण थोडे सविस्तर लिहितो.

पिल्लाला आईच्या चिकातून जी प्रतिपिंडे मिळतात, ती पहिले काही आठवडे त्याचे रक्षण करतात, पण तीच प्रतिपिंडे लशीचा परिणामही निष्फळ करू शकतात. ती नेमकी कोणत्या आठवड्यात ओसरतील हे प्रत्येक पिल्लागणिक बदलते, म्हणून आपण दर तीन-चार आठवड्यांनी लस पुन्हा देतो आणि शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या वयात किंवा त्यानंतर पडेल असे पाहतो. या मधल्या काळात पिल्लाला कितपत संरक्षण मिळाले आहे, हे बाहेरून ओळखता येत नाही. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून जमिनीत जातो आणि सावलीतल्या ओलसर मातीत कित्येक महिने तग धरतो. तो चपलांच्या तळव्यांना चिकटून घरापर्यंत येतो, आणि हाताला चोळायच्या स्पिरिटयुक्त सॅनिटायझरचा त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. फरशीसाठी घरगुती ब्लीच तीसपट पाण्यात मिसळून वापरावे, फक्त फरशी पूर्ण वाळेपर्यंत मिरीला त्या खोलीत जाऊ देऊ नये.

ही झाली एक बाजू. दुसरी बाजू अशी की कुत्र्याच्या मेंदूत नवे जग ‘आपले’ म्हणून स्वीकारण्याचा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. मिरीच्या हाती त्यातले तीन ते पाच आठवडे उरले आहेत. अमेरिकेतील पशुवर्तन क्षेत्रातील पशुवैद्यकांच्या संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, पहिली लस देऊन किमान सात दिवस झाले असतील आणि जंतांचे पहिले औषध दिले असेल, तर सात-आठ आठवड्यांच्या पिल्लांना इतर पिल्लांशी ओळखीच्या वर्गात आणायला हरकत नाही, असे म्हटले आहे. ते वर्ग बंदिस्त, स्वच्छ जागेत आणि लसीकरण झालेल्या पिल्लांचे असतात, ही अट मात्र विसरू नये. आपल्या सोसायटीचे गेट त्या अटीत बसत नाही.

म्हणून मिरीला बाहेर जरूर न्या, पण जमिनीवर ठेवू नका. ओढणीची झोळी करून तिला छातीशी घ्या आणि बाकावर बसून दुरून जाणारी कुत्री, रिक्षा, भाजीची गाडी, छत्रीवाली माणसे हे सगळे तिला पाहू द्या. कुत्रे दिसले की उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा तिच्या तोंडात द्यावा. ती खात नसेल तर अंतर कमी पडते आहे असे समजून मागे सरकावे.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहितो. मिरीच्या आईचे रेबीजचे लसीकरण झालेले नव्हते असे गृहीत धरा. मिरीचा दात किंवा नख लागून तुमच्यापैकी कोणाच्या त्वचेवर ओरखडा उठला असेल किंवा रक्त आले असेल, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन स्वतःच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा. पूर्वी असे होऊन गेले असेल, तर आजच जा. मिरीला रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयात द्यावी.

तळजाईचा_वाटसरू

मी ‘बाहेर नेऊच नका’ हा सल्ला शब्दशः पाळला होता, म्हणून लिहितो. आमचा लॅब्रॅडोर साडेचार महिन्यांचा होईपर्यंत घराबाहेर पडला नाही. आज तो सहा वर्षांचा आहे, माणसांवर जीव टाकतो, पण दुसरे कुत्रे पन्नास फुटांवर दिसले तरी भुंकून भुंकून त्याचे अंग ताठरते. आम्ही त्याला पहाटे साडेपाचला फिरवतो, कारण तेव्हा रस्ते मोकळे असतात. तो वाईट नाही, घाबरलेला आहे, आणि ते पाहताना आजही वाईट वाटते. हे आठवडे हातचे जाऊ देऊ नका.

गच्चीतली_जाई (पुणे)

दोघांचेही मनापासून आभार. रक्त आले नव्हते, तरी उद्या डॉक्टरांना विचारून घेते. झोळीची कल्पना आजच अमलात आणली. औंधला माझ्या भावाकडे सात वर्षांची, स्वभावाने शांत लॅब्रॅडोर आहे, तिची सर्व लसीकरणे वेळेवर झाली आहेत. तिच्याशी पहिली भेट कशी घडवावी? मिरी खेळताना फार जोराने चावते. शिवाय खेळ चालला आहे की दांडगाई, हे मला ओळखता येईल का, याचीही शंका आहे.

शेपटीची_भाषा

शांत, वयस्क, ओळखीची कुत्री उपलब्ध असणे हे मिरीचे मोठे भाग्य आहे. किती जोराने चावले की समोरच्याला दुखते, हे पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकते. विक्रीसाठीचे पिल्लू आठ आठवड्यांपूर्वी विकू नये असा नियम आपल्याकडे २०१७ सालच्या श्वानपैदाशीच्या नियमांत आहे, त्यालाही हेच कारण पुरेसे आहे. मिरीचा तो धडा अर्धवट राहिला आहे आणि तो वयाने मोठी कुत्री माणसापेक्षा चांगला देते.

भावाच्या घरी गेल्या वर्षभरात कोणतेही कुत्रे पार्व्होने आजारी पडले नव्हते ना, हे आधी विचारा. भेट मोकळ्या खोलीत ठेवा, अरुंद पॅसेजमध्ये नको. खेळणी आणि खाण्याची भांडी आधीच उचलून ठेवा. मोठीला सैल पट्ट्यावर धरा, कारण ताणलेला पट्टा कुत्र्यालाही ताण देतो. मिरीला हातातून तिच्या तोंडासमोर धरू नका, तिला जमिनीवर सोडा आणि मागे सोफ्याखाली किंवा तुमच्या पायांमागे पळायला जागा ठेवा. समोरासमोर नाकाला नाक लावण्यापेक्षा बाजूने येऊन मागून हुंगणे हा कुत्र्यांचा सभ्य रिवाज आहे. दोन-तीन सेकंद हुंगून झाले की मिरीला हाक मारून परत बोलवा, खाऊ द्या आणि तिला हवे असेल तरच पुन्हा जाऊ द्या.

खेळ ओळखण्याची सर्वांत चांगली खूण म्हणजे आळीपाळी. कधी एक पळते आणि दुसरी पाठलाग करते, मग उलट होते. मोठी मुद्दाम आडवी पडते. पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करणे हे तर खेळाचे उघड निमंत्रण. या उलट, शेपूट पोटाखाली जाणे, ओठ चाटत राहणे, भूक नसताना हुंगत बसणे, झोप नसताना जांभया देणे, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणे आणि अंग एकाएकी गोठणे ही ‘पुरे झाले’ अशी विनंती असते. शंका आली की जी जास्त अंगावर जाते आहे तिला धरा आणि दुसरी काय करते ते पाहा. ती परत आली तर खेळ होता, लांब गेली तर नव्हता.

मोठी मिरीवर एकदा गुरगुरली, तर तिला रागावू नका. गुरगुरणे दडपले की इशारा न देता चावण्याची सवय लागू शकते. मात्र मिरी दूर झाल्यावरही ती मागे लागत असेल, तर भेट तिथेच थांबवा. पहिली भेट दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. आणखी एक मत मी आग्रहाने मांडते: सोशलायझेशन, म्हणजे पिल्लाला जगाची सवय लावणे, हे दिसेल त्या कुत्र्याशी खेळणे नव्हे. इतर कुत्र्यांशेजारून शांतपणे जाता येणे हेच आपल्या रस्त्यांवर जास्त उपयोगाचे आहे.

गल्लीचे_खाऊवाले

गेटवरच्या कुत्र्यांबद्दल कोणीच सविस्तर लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण आमच्या गल्लीतल्या अकरा कुत्र्यांना मी रोज खाऊ घालतो. ती कुत्री मला जिवाभावाची आहेत, पण काकांचा सल्ला ऐकू नका. कानाला छेद असलेल्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते आणि त्याच वेळी बहुधा रेबीजची लसही दिलेली असते, परंतु पार्व्हो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा आणखी एक घातक विषाणूजन्य आजार) यांची नाही. शिवाय गेट हा त्यांचा इलाखा असतो. चौघे मिळून एका परक्या पिल्लाला घेरतात तेव्हा त्यातून वळण लागत नाही, धसका बसतो, आणि या वयातला धसका वर्षानुवर्षे राहतो.

शेवटच्या डोसानंतर दोन आठवडे थांबा. मग तिथे जो कोणी रोज खाऊ घालतो त्याला सोबत घेऊन, त्या चौघांपैकी सर्वांत शांत कुत्र्याशी, त्यांच्या जेवणाची वेळ टाळून, गेटपासून जरा लांब ओळख करून द्या. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यापासून मात्र तेव्हाही जपा, कारण उंदराच्या मुतातून लेप्टो हा जिवाणूजन्य आजार पसरतो.

गच्चीतली_जाई (पुणे)

रविवारी औंधला जाऊन आलो. मिरी पहिली चार मिनिटे माझ्या पायांमागे होती. मोठी दूर आडवी पडून राहिली आणि तिने नुसते शेपूट हलवले. मग मिरी स्वतःहून गेली, तिचा कान चावला, एक हलकी गुरगुर ऐकली, दोन पावले मागे झाली आणि दुसऱ्यांदा तोच कान इतक्या हळू तोंडात धरला की मला भरून आले. आठव्या मिनिटाला आम्ही निघालो. येत्या बुधवारी पुन्हा जाणार आहोत, आणि बीगलच्या मालकांशी बोलून संध्याकाळी दोघांना जिन्याच्या दोन टोकांना बसवून खाऊ देण्याचे ठरवले आहे.