'ईस्टरचा संदेश जगूया' : हे मराठी आहे का?

निर्मळनाका :
जाणकारांनो, एक अडचण आहे. आमच्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतली वस्ती; आमची वसईत) ईस्टरपासून (येशूच्या पुनरुत्थानाचा सण) पेंटेकॉस्टपर्यंतच्या (पवित्र आत्मा उतरला तो सण) पन्नास दिवसांसाठी घरोघरी वाटायचं एक पत्रक निघतंय. मूळ मजकूर इंग्रजीत आला आणि भाषांतर नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. त्यातलं मुख्य वाक्य 'लिव्ह द ईस्टर मेसेज'. मी लिहिलं 'ईस्टरचा संदेश जगूया'. बैठकीत एका निवृत्त मास्तरांनी कागद तिथल्या तिथे परत केला. "संदेश जगत नसतात बाबा, माणसं जगतात. संदेश आचरतात." मग मी 'आचरणात आणूया' केलं, तर तरुण पोरं म्हणाली की हे घंटागाडीवरच्या सूचनेसारखं वाटतं, ओला कचरा सुका कचरा वेगळा ठेवूया वगैरे. मला दोघांचंही पटतं. शनिवारी छापायला द्यायचंय. 'जगणे' सकर्मक चालतं का? नसेल तर दुसरं काय?

जुनाकोश :
मास्तर बरोबर आहेत. 'जगणे' अकर्मक. 'आयुष्य जगणे', 'जीवन जगणे' यांत जे कर्म दिसतं ते धातूच्याच अर्थाचं, 'खेळ खेळणे', 'नाच नाचणे' यांसारखं. भूतकाळ करून बघा. 'मी पुस्तक वाचलं' यात क्रियापद पुस्तकामागे गेलं. 'मी आयुष्य जगलो' यात ते माझ्यामागे राहिलं. 'मी आयुष्य जगलं' असं कोणी म्हणत नाही. विषय संपला.

दर्यावर्दी :
विषय एवढ्यात कसा संपेल? 'ती साडी नेसली', 'मी मराठी शिकलो', 'तो माझं नाव विसरला', 'मी चहा प्यायलो'. साडी, मराठी, नाव, चहा ही कर्मं नव्हेत तर काय? तरी क्रियापद कर्त्यामागेच आहे. तुमची परीक्षा लावली तर नेसणेही अकर्मक ठरेल, मग साडीचं काय करायचं?

जुनाकोश :
ती ठरावीक क्रियापदं आहेत, शाळेत पाठ करून घेत असत. 'जगणे' त्यांत नाही.

दर्यावर्दी :
तेव्हा नसेल. आता आहे. कुठलंही नाट्यपरीक्षण काढा, 'तो ती भूमिका अक्षरशः जगला'.

जुनाकोश :
परीक्षणकर्त्यांचं मराठी प्रमाण मानायचं झालं तर आनंद आहे. आणि 'ती भूमिका जगली' याचा अर्थ सांगा बघू. बाई भूमिका जगली, की ती भूमिका मरता मरता वाचली?

सुकेळी :
:)) दुसरा अर्थ ईस्टरला जास्त लागू पडतो खरं तर.

भांडणात पडत नाही, पण एक सुचवते. आपल्याकडे हाच विचार उलट बाजूने सांगणारी म्हण आहे, 'पोथीतली वांगी पोथीत'. पत्रकाला मथळा द्या : 'ईस्टर पोथीत ठेवायचा नाही'. लगेच कळेल, व्याकरणही शाबूत.

निर्मळनाका :
सुकेळीताई, मथळा झकास आहे. पण कमिटीत 'पोथी' म्हटल्यावर कोणीतरी भुवई उंचावणार. आमच्याकडे मिस्सेला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) मृदंग चालतो, शब्द मात्र गाळून घेतात.

धर्मग्रामवासी :
मूळ पोस्टमध्येच 'पॅरिश' लिहिलंय त्याचं काय? वसईत 'धर्मग्राम' हा इतका नेटका शब्द रुळलेला असताना? धर्मप्रांत, धर्मगुरू, प्रापंचिक, सगळे शब्द आपल्या लोकांनी कष्टाने घडवले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (जगभरच्या बिशपांची रोममधली सभा, १९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये होती. त्यानंतर पुढच्या काही वर्षांत एवढी परिभाषा उभी राहिली. ती वापरायची आपणच नाही तर कोणी?

निर्मळनाका :
छापताना धर्मग्रामच लिहितो. बोलताना माझी आई पॅरिश म्हणते, मीही म्हणतो. आणि आता आमच्या 'ग्रामात' सात मजली इमारती आहेत.

वेंगुर्लेकार :
आमच्याकडे सिंधुदुर्गात कोकणी बोलणारे ख्रिस्ती लोक दोन्ही म्हणत नाहीत. आम्ही म्हणतो 'फिर्गज'. पोर्तुगीज 'फ्रेगेझिया'वरून. त्याच्या मुळाशी लॅटिनमधले 'चर्चचे पुत्र' असे शब्द आहेत. आणि गंमत अशी की पोर्तुगीजमध्ये 'फ्रेगेझ' म्हणजे पॅरिशचा माणूसही आणि दुकानातलं गिऱ्हाईकही! आता आपापल्या पॅरिशमध्ये लेकरं किती आणि गिऱ्हाईकं किती ते ज्याने त्याने मोजावं.

खाडीपल्याड :
आणि 'पॅरिश'च्या मुळाशी ग्रीक 'पारोइकिया', म्हणजे घराशेजारी राहणं, परक्या मुलखात वस्तीला असणं. आपला 'परका' हा शब्द त्याचाच भाऊ असणार असं मला नेहमी वाटतं.

जुनाकोश :
'परका' संस्कृत 'पर'पासून. कृपया भाऊबंदकी वाढवू नका.

वेंगुर्लेकार :
मूळ प्रश्नाकडे वळायचं तर ईस्टर म्हणजे आमचं 'पास्कांचें फेस्त', आणि पुनरुत्थान म्हणजे 'पुनर्जिवंतपण'. मला तो शब्द 'पुनरुत्थाना'पेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात जिवंत असणं कानाला ऐकू येतं. पुनरुत्थान म्हटलं की मला राष्ट्राचं पुनरुत्थान, सहकार चळवळीचं पुनरुत्थान असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. भाषणातला शब्द आहे तो.

धर्मग्रामवासी :
भाषणवाल्यांनी पळवला म्हणून आपण टाकून द्यायचा? 'उत्थान' म्हणजे उठून उभं राहणं, साधा अर्थ आहे. फक्त लिहिताना तरी नीट लिहा. गेल्या वर्षी एका कमानीवर 'पुर्नरुत्थान' होतं, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. कमान आठ दिवस उभी होती.

खोचीवाट :
मला व्याकरण कळत नाही, पण ईस्टर 'जगणं' वगैरे भाषा मी आमच्या घरात कधी ऐकली नाही. आजीचा एकच प्रश्न असायचा, जागरणाची मिस्सा आटपून आलो की : "कोणाचा अबोला सुटला का?"

तिच्या माहेरचा एक किस्सा आहे. दोन सख्खे भाऊ, वाड्या लागून. मधल्या बावखलाचं (वाडीतल्या तळ्याचं) पाणी कोणी किती उपसायचं यावरून बिनसलं आणि बोलणं बंद झालं. लग्नाकार्यात एक मांडवात असला की दुसरा रस्त्यावर. त्या वर्षी जागरणाला गर्दी झाली आणि दोघे एकाच बाकावर अडकले. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी : शनिवारी रात्री चर्चचे सगळे दिवे मालवतात, बाहेर अग्नी पेटवतात, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती लावून आत आणतात, आणि तिच्यावरून लोकांच्या हातातल्या छोट्या मेणबत्त्या एकेक करत बाकाबाकाने पेटत मागे जातात. तर ज्योत थोरल्यापर्यंत आली. पुढचा धाकटा. थोरल्याने आपली मेणबत्ती तिरकी करून पुढे केली आणि मेण धाकट्याच्या नव्या कोऱ्या सदऱ्याच्या बाहीवर. खरं म्हणजे पेटलेली सरळ धरायची असते आणि न पेटलेली वाकवायची, हे वसईतल्या पोराटोरांनाही ठाऊक. धाकटा वैतागून म्हणाला, "सरळ धर की, मी वाकवतो." किती वर्षांनी तोंड उघडलं, ते हे बोलायला!

आजीच्या लेखी त्या वर्षीचा ईस्टर झाला. बाकी पाण्याचा तंटा काही मिटला नाही, पंप अजून पाळीपाळीनेच लागतात. पण आता पाळी चुकली की एकमेकांच्या दारात जाऊन भांडतात.

सुकेळी :
खोचीवाट, फार छान. 'मी वाकवतो' हाच तर ईस्टरचा...

जुनाकोश :
सुकेळीताई, प्रवचन नको. 'अबोला सुटणे' की 'अबोला सोडणे'? मी 'धरणे' आणि 'सोडणे' ऐकलंय.

खोचीवाट :
आजी सुटलाच म्हणायची. कोणी मुद्दाम सोडत नाही हो, सुटतो.

रत्नांगण :
मी रत्नागिरीची, आमची मंडळी प्रॉटेस्टंट. आमच्या मराठी बायबलात 'पास्का' नाही, 'वल्हांडण' आहे. इस्राएली लोक मिसरातून (इजिप्तमधून) निघाले त्या रात्री मृत्यूचा दूत ज्यांच्या दारांना कोकराचं रक्त लावलं होतं ती घरं ओलांडून गेला, त्याची आठवण म्हणजे वल्हांडण सण. ख्रिस्ताचं मरण आणि उठणं त्याच दिवसांतलं, म्हणून दोन्ही सण एकमेकांत गुंतलेले. हा शब्द मला 'ईस्टर'पेक्षा हजारपट आवडतो, कारण त्यात क्रियापद जिवंत आहे. 'वल्हांडूया' म्हणा! राग वल्हांडा, बांध वल्हांडा, अबोला वल्हांडा.

दर्यावर्दी :
वा! आणि हा शब्द किनाऱ्यावरचाच असणार. वल्हं मारून पलीकडे जायचं ते वल्हांडण. इस्राएली तांबड्या समुद्रापार गेले ना?

जुनाकोश :
ते समुद्रातून पायी गेले, वल्हं कुठून आणलंत? वल्हांडणे, वलांडणे, ओलांडणे ही एकाच शब्दाची रूपं. वल्ह्याशी संबंध फक्त ध्वनीचा.

दर्यावर्दी :
तुम्हाला दिसत नाही म्हणून संबंध नाही असं होत नाही. माझ्या वडिलांची होडी होती. आमच्याकडे खाडी ओलांडायची म्हणजे वल्हवायचीच, दुसरा मार्ग नव्हता. ज्या माणसाने हा शब्द बायबलात घातला त्याच्या कानात वल्हं वाजलंच नसेल कशावरून?

जुनाकोश :
कशावरून वाजलं असेल?

धर्मग्रामवासी :
'वल्हांडूया' वसईत चालणार नाही. आमच्याकडे पास्काच म्हणतात, पत्रक वाचून लोक विचारतील हे कुठल्या पंथाचं. माझी सूचना : ईस्टरकाळात मिस्सेतलं पहिलं वाचन जुन्या करारातून नसतं, 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातून असतं. पुस्तकाच्या नावातच उत्तर आहे. 'ईस्टर कृतीत आणूया'. चौथ्या अध्यायात आहे बघा, त्यांच्यात कोणी गरजवंत राहिला नव्हता, ज्यांच्या जमिनी होत्या ते विकून पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवत.

खाडीपल्याड :
जमिनी तर वसईतही विकल्या. पैसे कोणाच्या पायांशी गेले ते मात्र विचारू नका.

निर्मळनाका :
खाडीपल्याड, हे पत्रकात घालू का? :)

खरं सांगायचं तर पत्रकात आहे ते इतकंच. वाडीतल्या प्रत्येक समूहाने अंथरुणाला खिळलेल्या माणसांची यादी करायची, पन्नास दिवसांत प्रत्येकाच्या घरी एकदा तरी जाऊन बसायचं. भाड्याने राहणाऱ्या, मिस्सेला नव्याने येणाऱ्या कुटुंबांना (त्यांत झारखंडची, केरळची माणसं आहेत) जेवायला बोलवायचं. उपवासकाळात डब्यात साठलेले पैसे कुठे गेले त्याचा हिशेब फळ्यावर लावायचा. या सगळ्यावर एक वाक्य हवंय. बस.

रत्नांगण :
मग वाक्य कशाला हवं? या तीन ओळीच मोठ्या अक्षरांत छापा.

निर्मळनाका :
ताई, मथळ्याशिवाय पत्रक मंजूर होत नाही. हिशेबाच्या ओळीवरही अजून चर्चा चालू आहे.

सुकेळी :
हिशेब फळ्यावर लागला तर ते खरं पुनरुत्थान :)

वेंगुर्लेकार :
मथळ्यांचा विषय निघालाच आहे तर, दरवर्षी चौकाचौकांत 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' असे फ्लेक्स लागतात, त्यांचं काय करायचं? हात जोडलेला पुढारी, मागे क्रूस, खाली कार्यकर्त्यांचे बारा फोटो. कोणीतरी सांगा त्यांना की तो सुतकाचा दिवस आहे.

दर्यावर्दी :
दोष नावाचा आहे. 'गुड' म्हटल्यावर बिचारे शुभेच्छा देणारच. 'शुभ शुक्रवार'ने तर अजून घोळ घातला.

धर्मग्रामवासी :
'उत्तम शुक्रवार' म्हणा.

वेंगुर्लेकार :
उत्तमच्याही शुभेच्छा देतील. बारशाच्या आणि श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला एकच साचा असतो, मधला फोटो बदलतात.

जुनाकोश :
'गुड'चा जुना अर्थ पवित्र. 'पवित्र शुक्रवार' हे अर्थाने नेमकं आहे आणि शुभेच्छांना जागा ठेवत नाही.

खोचीवाट :
आमच्याकडे पवित्र शनिवारच्याही शुभेच्छा आल्या आहेत. सोबत थंडगार सरबताचा स्टॉल.

दर्यावर्दी :
बरं, वल्हांडणचं काही झालं का? मी उद्या बंदरावर जुन्या तांडेलांना विचारतो, 'वल्हांडणे' कोणी वल्ह्यासाठी वापरतं का ते.

जुनाकोश :
विचारा. आणि ते 'हो' म्हणाले तरी त्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

दर्यावर्दी :
तुम्ही बंदरावर कधी गेला आहात का?

निर्मळनाका :
मंडळी, शनिवार परवावर आलाय. 'जगूया', 'कृतीत आणूया' आणि 'पोथीत ठेवायचा नाही' हे तीन घेऊन बैठकीला जातो. आणखी कोणाला काही सुचलं तर उद्या संध्याकाळपर्यंत टाका.

खाडीपल्याड :
तोवर एक विचारतो, 'मिस्सा झाली' की 'मिस्सा झाला'? आमच्या घरात यावरून दोन तट आहेत.